मंडालेची बाग, रत्नागिरीचा सडा

मंडालेच्या राजवाड्याच्या दक्षिण अंगाला राजाची खासगी बाग होती. कालवे खोदून तिच्यात पाणी खेळवलेलं, कालव्यांवर छोटे पूल, दगड रचून उभ्या केलेल्या टेकड्या आणि पाण्याच्या कडेला लाकडी मंडप. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी यांतल्याच एका मंडपात ब्रह्मदेशाचा सव्वीस वर्षांचा राजा थिबा इंग्रज सेनापतीची वाट पाहत बसला होता. शेजारी त्याच्या दोन राण्या, सुपायालात आणि सुपायागले. या दोघी सख्ख्या बहिणी. जवळच त्यांची आई. जनरल प्रेंडरगास्ट आला, दोघांचं थोडं बोलणं झालं. राजाने निघायच्या तयारीसाठी एक-दोन दिवसांची मुदत मागितली. मिळाली ती काही मिनिटांची.

पुढे इंग्रजांनी त्या मंडपावर पाटी बसवली: राजा थिबा इथे शरण आला.

रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहायला जाणाऱ्याने आधी ही बाग डोळ्यांपुढे आणावी. ती डोळ्यांपुढे नसेल, तर रत्नागिरीतली वास्तू म्हणजे जांभ्याचा एक ऐसपैस बंगला, रंगीत काचांच्या खिडक्या आणि मागच्या अंगणातून दिसणारी खाडी, एवढंच उरतं. फोटो काढून माणसं तासाभरात गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतात.

त्या बागेत एवढं पाणी कशाला, याचं उत्तर मंडालेच्या हवेत आहे. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत माणदेशाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. मंडालेचंही तसंच. पश्चिमेकडचे आराकानचे डोंगर पावसाळी वारे अडवतात आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. तिथे वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. अशा मुलखात थिबाचा बाप मिंडॉन याने १८५७ मध्ये नवी राजधानी वसवायला घेतली. प्रत्येक बाजू दोन किलोमीटर भरेल असा चौरस तट बांधला आणि तटाभोवती चौसष्ट मीटर रुंदीचा खंदक खोदून पाण्याने भरला. आतला राजवाडा सगळा सागवानी, त्यावर सोनेरी मुलामा. कोरड्या मुलखातल्या राजाचं वैभव त्याने अडवलेल्या पाण्यावर दिसतं. मंडालेचा खंदक शत्रूसाठी होता आणि बागेतलं पाणी राजघराण्याच्या डोळ्यांसाठी. पुण्याच्या पर्वतीखाली नानासाहेब पेशव्यांनी तळं बांधून घेतलं, त्याच जातीची ही हौस. फरक एवढाच की पर्वतीच्या तळ्यातल्या गणपतीला सामान्य माणूस जात होता. मंडालेच्या बागेत परवानगीवाचून पाखरूच काय ते जाई.

या बागेविषयी जे लिहून ठेवलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून आलं आहे. हॅरोल्ड फील्डिंग-हॉल याने सुपायालातच्या दासींना गाठून त्यांच्या आठवणी ऐकल्या आणि १८९९ मध्ये ‘थिबॉज क्वीन’ हे पुस्तक छापलं. त्यातली राणी वयाने लहान आणि हट्टी आहे. नवऱ्यावर तिचा जीव आहे आणि त्याच्या दरबारावर हुकूमत. इंग्रज वर्तमानपत्रांनी रंगवलेल्या राक्षसिणीपेक्षा ही बाई पुष्कळ खरी वाटते.

मात्र राक्षसिणीचं चित्र हवेतून आलं नव्हतं. थिबा राजा होणार असं कुणाच्या मनातही नव्हतं. तो मठात शिकलेला, पाली ग्रंथांची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेला अभ्यासू राजपुत्र होता. मिंडॉनला पुष्कळ मुलगे होते आणि त्यांत थिबाचा नंबर बराच मागे. १८७८ मध्ये मिंडॉन मरणाला टेकला, तेव्हा त्याच्या एका बलाढ्य राणीने, म्हणजे सुपायालातच्या आईने, मंत्र्यांना हाताशी धरून या शांत मुलाला पुढे केलं. शांत मुलगा आपल्या मुठीत राहील असा तिचा हिशेब होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये राजवाड्यात कत्तल झाली. थिबाचे सावत्र भाऊ, बहिणी आणि त्यांचे नातलग मिळून सुमारे ऐंशी जण मारले गेले. हुकूम कुणाचा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. सिंहासनावर मात्र वीस वर्षांचा थिबा बसलेला होता, आणि ते रक्त त्याच्या नावावर कायमचं लागलं. रत्नागिरीत त्याच्याविषयी हळहळताना हा भाग गाळला जातो. तो गाळू नये. कैदी म्हणून त्याच्यावर झालेला अन्याय खरा आहे, त्या ऐंशी जणांचं मरणही खरं आहे.

त्याचं राज्य गेलं ते मात्र या कत्तलीमुळे नाही. ते गेलं सागवानापायी, आणि त्या सागवानाचा धंदा करणारी कंपनी मुंबईची होती. वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये उभारलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांचे ठेके होते. कंपनी ओंडके मोजताना लबाडी करते, राजाचं देणं बुडवते, असा ठपका मंडालेच्या न्यायसभेने १८८५ मध्ये ठेवला आणि सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमारास मंडालेत फ्रेंच वकिलाची ऊठबस वाढली होती. इंडोचायनात पाय रोवलेले फ्रेंच इरावतीपर्यंत येतील, ही धास्ती लंडनला आणि कलकत्त्याला झोप येऊ देत नव्हती. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय डफरिनचा निर्वाणीचा खलिता गेला: दंडाचा निकाल थांबवा, इंग्रज वकील ठेवून घ्या, परराष्ट्रांशी व्यवहार आमच्या सल्ल्याने करा. राजाने शेवटची अट मान्य केली असती, तर तो राजा उरलाच नसता.

नोव्हेंबरच्या मध्यावर सुमारे दहा हजारांची फौज आगबोटींत बसून इरावतीतून वर निघाली. एक-दोन ठिकाणी चकमकी झाल्या. २८ तारखेला फौज मंडालेला पोचली. जुना राजकीय अधिकारी स्लेडन याला दरबाराची माहिती होती. तो आत जाऊन राजाला भेटला आणि शरणागतीची बोलणी झाली. राजवाड्यातल्या उंच टेहळणी मनोऱ्यावरून सुपायालातने नदीच्या दिशेने येणारी फौज पाहिली, असं मंडालेत आजही सांगतात. त्या रात्री राजवाड्यात लुटालूट झाली. दुसऱ्या दिवशी बागेतल्या मंडपात काय घडलं, ते वर आलंच आहे.

संध्याकाळच्या सुमाराला राजा आणि राण्या बैलगाड्यांतून नदीकडे निघाल्या. दुतर्फा गोऱ्या आणि हिंदी शिपायांची रांग, तिच्यामागे आक्रोश करणारी रयत. काठावर जी आगबोट उभी होती तिचं नाव ‘थूरिया’. आपल्या ‘सूर्य’ शब्दाचंच हे ब्रह्मी रूप. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. त्याच्या तीन-चार दिवस आधी मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या सभागृहात, राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. बहात्तर प्रतिनिधींनी केलेल्या मोजक्या ठरावांतला एक उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध होता. कंपनी मुंबईची आणि निषेधही मुंबईचाच, हे विसरायला नको.

राजाच्या कुटुंबाला रंगूनला नेलं, रंगूनहून मद्रासला. तिथे हिवाळा गेला आणि मार्चमध्ये तिसऱ्या मुलीचा जन्म झाला. एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ नावाच्या जहाजाने हे कुटुंब रत्नागिरीच्या किनाऱ्याला आणलं. राजा सत्तावीस वर्षांचा होता.

रत्नागिरीच का? नकाशा पाहिला की कारण कळतं. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, आणि ती पुढे आणखी एकशे दहा वर्षं येणार नव्हती. येणं-जाणं मुख्यतः आगबोटीने, आणि पावसाळा लागला की बंदर बंद. जून ते सप्टेंबर निसर्गच पहारा देणार. उत्तर ब्रह्मदेशात राजाच्या नावाने लढणाऱ्या टोळ्या अजून इंग्रजांना नडत होत्या, तेव्हा राजाला कुणी सहज गाठू शकणार नाही अशी जागा सरकारला हवी होती. जिल्ह्याचं ठाणं असल्याने कलेक्टर, पोलीस, बंगले, सगळं तयार होतं. आणखी एक योगायोग असा की रत्नागिरी आणि रंगून जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. उन्हाची तिरीप सारखी, नारळी-पोफळी सारख्या. मंडालेच्या कोरड्या हवेत वाढलेल्या राजाला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

त्याच्या राज्याला समुद्र नव्हता. ब्रह्मदेशाचा सगळा किनारा १८५२ पर्यंतच इंग्रजांनी घेतला होता. पाणी म्हणजे बांधलेलं, काठ असलेलं, दिवे लावून ज्यात होडी फिरवावी असं, हीच त्याची ओळख. आता त्याच्यासमोर काठ नसलेलं पाणी होतं. दोन महिन्यांनी पाऊस सुरू झाला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मंडालेच्या तिपटीहून जास्त. कौलांवर रात्रंदिवस चालणारा तो आवाज, भिंतींना येणारी ओल, कपड्यांना लागणारी बुरशी, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मंडालेच्या महालातून आलेल्या राण्यांनी ते पहिल्यांदा कसं सोसलं असेल, याची कल्पनाच करावी.

सुरुवातीची चोवीस वर्षं हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिलं. त्यांतला एक बंगला जेम्स औट्रमच्या नावाने ओळखला जाई. १८८७ मध्ये चौथी मुलगी झाली, ती रत्नागिरीचीच. सरकारने दरमहा तनखा बांधून दिला, देखरेखीला पोलीस अधिकारी नेमला. राजाला कुणी भेटायचं, पत्र कुणाला जायचं, बाहेर फिरायला कधी निघायचं, सगळं परवानगीने. तनख्यात जुन्या थाटाची माणसं पोसणं जमेना. बरोबर आणलेली माणकं आणि दागिने एकेक करून विकले गेले, आणि परक्या गावात अडलेल्या माणसाला जो भाव मिळतो त्या भावाने गेले. मंडाले सोडताना हवाली केलेली रत्नं परत मिळावीत म्हणून राजा अर्जामागून अर्ज करत राहिला. ती परत आली नाहीत.

बंगल्यातल्या दिवाणखान्यात तो राजा होता. तिथे जुने नेम पाळले जात, राजासमोर जमिनीवर बसूनच बोलायचं. मुलींचा कान टोचण्याचा सोहळा ब्रह्मी रीतीने थाटात झाला. फाटकाबाहेर मात्र कोकणातलं साधं गाव होतं, आणि मुलींच्या कानावर पडत होती मराठी. राजाच्या सज्ज्यात बसून दुर्बिणीतून येणारी-जाणारी गलबतं पाहण्याच्या आठवणी रत्नागिरीत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. बोट दिसली की ब्रह्मदेशची बातमी असेल, ही आशा त्यामागे होती असं म्हणतात. मंडालेच्या मनोऱ्यावरून राणीने येणारी फौज पाहिली. इथे राजा तीस वर्षं समुद्राकडे पाहत राहिला.

आता त्या वास्तूविषयी.

जागा आणि पैसा यांसाठी राजाने अनेक वर्षं सरकारचा पाठपुरावा केला, तेव्हा कुठे नवा वाडा बांधायचं ठरलं. खाडीच्या वर, उंचावर, पंचवीस एकरांहून मोठं आवार घेतलं. जांभ्याचा चिरा रत्नागिरीचा, साग ब्रह्मदेशचा. ज्या सागापायी राज्य गेलं, त्याच सागाच्या तुळया कैदेच्या छपराला लागल्या. उतरती कौलारू छपरं, अर्धवर्तुळाकार कमानीच्या नक्षीदार लाकडी खिडक्या, त्यांत रंगीत काच, पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन. मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धमूर्ती. नोव्हेंबर १९१० मध्ये राजा इथे राहायला आला.

याच नोव्हेंबर १९१० मध्ये मंडालेत काय चाललं होतं? रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहायला बसले होते. टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांना मंडालेला नेलं. इंग्रजांनी मिंडॉनच्या नगरीला ‘फोर्ट डफरिन’ असं नाव दिलं होतं, आणि तुरुंग त्याच तटाच्या आत होता. म्हणजे ज्या चौकोनी तटातून थिबाला बाहेर काढलं, त्याच तटात टिळकांना कोंडलं. खंदकाचं तेच पाणी, तेच ऊन. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. एका साम्राज्याने दोघांची अदलाबदल केली होती. १९१२ साल दोघांनाही सारखंच वाईट गेलं. जूनमध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या, त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी सुपायागले गेली. टिळकांना पत्नीचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. सुपायागलेला तिच्या देशाची माती मिळाली नाही.

या दोघांच्या आधी आणखी एकाची अशीच रवानगी झाली होती. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर १८५८ मध्ये रंगूनला पाठवला गेला आणि १८६२ मध्ये तिथेच मरण पावला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात. राजाला त्याच्याच मातीत कैद केलं तर त्याच्याभोवती माणसं जमतात, समुद्रापार नेलं तर तो नुसता एक परका म्हातारा उरतो, हे इंग्रजांना चांगलं कळलं होतं. म्हणूनच रत्नागिरीतल्या त्या घराला ‘राजवाडा’ म्हणताना थोडं थांबावं. घर सुंदर आहे, प्रशस्त आहे. पण त्याचं फाटक राजाच्या हुकमाने उघडत नव्हतं. रत्नागिरीच्या जिभेवर ‘थिबा पॅलेस’ इतका रुळला आहे की तो तुरुंग होता, हे पाटीवर वाचूनही मनात उतरत नाही.

नव्या घरात राजाला सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, वय सत्तावन्न. रत्नागिरीत येऊन तीस वर्षं उलटली होती. त्याचे आणि सुपायागलेचे अवशेष ब्रह्मदेशला न्यावेत, ही सुपायालातची मागणी सरकारने फेटाळली. मंडालेत राजाची समाधी झाली तर तिथे लोक जमतील, ही भीती एकतीस वर्षांनीही गेली नव्हती. अखेर मार्च १९१९ मध्ये दोघांचं दफन रत्नागिरीतच झालं आणि पुढच्या महिन्यात राणी मुलींना घेऊन निघाली. तिलाही मंडालेला जाऊ दिलं नाही, रंगूनमध्येच ठेवलं. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती तिथे वारली. तिची समाधी श्वेडगाँ पॅगोड्याजवळच्या एका बागेत आहे.

ज्या राणीने बागेत राज्य गमावलं, तिला शेवटी बागेतच जागा मिळाली. पती आणि बहीण मात्र समुद्रापलीकडे.

या कथेतलं रत्नागिरीचं सर्वांत जवळचं माणूस म्हणजे थोरली राजकन्या. मंडालेहून निघाली तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. राजघराण्याच्या बरोबरीचा नवरा तर रत्नागिरीत मिळणारच नव्हता. तिचा जीव जडला तो बंगल्यावरच्या दरवान गोपाळ सावंत यांच्यावर. १९०६ मध्ये मुलगी झाली, टुटू. ब्रह्मदेशाला परतल्यावर थोरलीला तिथे करमेना, आणि ती मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. १९४७ च्या जूनमध्ये इथेच वारली. टुटूने एका रत्नागिरीकर मोटारचालकाशी संसार केला. पोराबाळांचा रगाडा आणि गरिबी, दोन्ही कोकणातल्या इतर बायांसारखीच. ती बोलायची मराठी, ब्रह्मी तिला येत नव्हती. २००० साली ती गेली. मंडालेच्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीच्या बाजारात पिशवी घेऊन चालत होती आणि बहुतेकांना ते माहीत होतं, पण त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. गावाने तिला ‘राजाची नात’ म्हणून ओळखलं आणि शेजारीण म्हणून वागवलं. या प्रकरणात सरकारांनी जे केलं त्यापेक्षा रत्नागिरीच्या आळीने केलेलं अधिक माणुसकीचं होतं, असं वाटतं.

सरकारांना राजाची आठवण फार उशिरा आली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले आणि शिवाजीनगर भागातल्या राजाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. २०१६ मध्ये शंभराव्या पुण्यतिथीला राजाचे वंशज आणि म्यानमारचे बडे अधिकारी इथे एकत्र जमले, भिक्षूंच्या साक्षीने विधी झाले. एका परक्या देशाचं राष्ट्रप्रमुखपद भूषवणारा माणूस रत्नागिरीच्या एका वस्तीत येतो, हे गावाला नवं होतं.

मंडालेचं काय झालं? इंग्रजांनी राजवाड्याच्या दालनांत आपला क्लब थाटला होता. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने तो पाहिला आणि हलवायला लावला. कर्झनविषयी हिंदुस्थानात चांगलं बोलायची सवय नाही, पण जुन्या वास्तूंच्या बाबतीत त्याचं ऋण मानावं लागतं. पण कर्झनने वाचवलेलं महायुद्धाने नेलं. मार्च १९४५ मध्ये जपानी फौजांना हुसकावताना झालेल्या लढाईत सगळा सागवानी राजवाडा जळून गेला. आज प्रवासी जो पाहतात तो १९९० च्या दशकात नव्याने उभारलेला. मूळ राजवाड्यातलं एकच मोठं दालन शिल्लक आहे, मिंडॉन ज्यात वारला ते. बाप जिथे गेला ती वास्तू थिबाला डोळ्यांपुढे नको होती. राज्यावर येताच त्याने ती उतरवून तटाबाहेर नेली आणि मठाला दिली. श्वेनांदॉ नावाचा तो मठ सोनेरी कोरीवकामासह अजून उभा आहे.

रत्नागिरीतलं घरही उभं आहे. राजकुटुंब गेल्यावर ते सरकारी कामांना जुंपलं गेलं. आता ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून तिथे संग्रहालय आहे, राजाच्या वापरातल्या काही वस्तू मांडलेल्या आहेत. तिथे जायचं तर भर उन्हाळ्यात जाऊ नये. आंब्याच्या मोसमात सगळे येतात, पण त्या वेळी आवार करपलेलं असतं. पाऊस ओसरताना, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात यावं. रत्नागिरीच्या भोवतालचे जांभ्याचे सडे तेव्हा फुलांनी भरलेले असतात. उन्हाळ्यात तव्यासारख्या तापणाऱ्या त्या काळ्या-तांबड्या खडकावर बोटभर माती धरते. तेवढ्यावर तेरडा गुलाबी होतो, ओलसर खळग्यांत सीतेची आसवं निळी-जांभळी उगवतात आणि जांभ्याच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याची चिमुकली तळी दिसतात. मंडालेच्या राजाने जे मजूर लावून खोदून घेतलं होतं, ते इथला सडा दोन महिन्यांसाठी आपणहून मांडतो. पाणी जांभ्यात झिरपलं की तळी जातात, मागोमाग फुलंही.

वाड्याचे दरवाजे पाहून झाल्यावर मागच्या बाजूला जावं. बुद्धमूर्तीपाशी क्षणभर थांबावं आणि मग थिबा पॉइंटकडे चालत यावं. तिथे जिजामाता उद्यान आहे. संध्याकाळी आजी-आजोबा बाकांवर असतात, पोरं घसरगुंडीवर. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत उतरते, पलीकडे सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. राजिवड्याच्या होड्या परततात. राजाने तीस वर्षं जे पाहिलं त्यातलं बरंचसं अजून तसंच दिसतं. आगबोटी मात्र गेल्या, आणि कोकण रेल्वेची शिट्टी ऐकू येते.

जानेवारीत रत्नागिरीच्या ‘आर्ट सर्कल’तर्फे राजवाड्याच्या आवारात कला-संगीत महोत्सव भरतो. देशभरातले गायक-वादक येतात, गावातली माणसं शाली-स्वेटर घेऊन उघड्यावर बसतात. ज्या आवारात एकेकाळी परवानगीवाचून कुणी पाऊल टाकू शकत नव्हतं, तिथे पहिल्या रांगेतली जागा धरण्यासाठी लोक लवकर निघतात. मैफल रंगली की खाडीवरून गार वारा सुटतो आणि वाड्याच्या भिंतीचा तांबडा जांभा दिव्यांच्या उजेडात न्हाऊन निघतो.